पहिलं रक्तदान, आणि त्यानंतरची सगळी

पहिलं रक्तदान बरेच जण करतात. मित्र चाललेला असतो, ऑफिसात शिबिर असतं, नात्यात कुणाचं तरी ऑपरेशन असतं आणि माणूस खुर्चीवर जाऊन बसतो. त्यातले पुष्कळ जण दुसऱ्यांदा येत नाहीत. कुणाला भोवळ आलेली असते, कुणाचा हात आठवडाभर काळानिळा राहिलेला असतो, कुणाला ‘हिमोग्लोबिन कमी आहे’ म्हणून परत पाठवलेलं असतं आणि ते मनाला लागलेलं असतं. थोडी तयारी केली तर यातलं बरंचसं टाळता येतं.

आणि रक्तपेढीला खरी गरज दुसऱ्यांदा, दहाव्यांदा येणाऱ्या माणसाचीच असते. रक्त फार दिवस साठवता येत नाही. तांबड्या पेशी थंड ठेवल्या तर ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) जेमतेम ५ ते ७ दिवस. मोठ्या अपघाताची बातमी आली की रक्तपेढीबाहेर रांग लागते, पण जखमींना त्या दिवशी चढतं ते रक्त आधीच कुणीतरी दिलेलं, तपासलेलं आणि फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं. म्हणून हा लेख लिहिताना मी एकच प्रश्न समोर ठेवला आहे: पहिला अनुभव असा कसा जाईल, की माणूस पुन्हा येईल?

जायच्या आधी: आपण देऊ शकतो का?

नियम देशागणिक थोडे बदलतात, पण गाभा सारखाच असतो. वय साधारण १८ पूर्ण, वजन किमान ४५ किंवा ५० किलो, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर (काही ठिकाणी पुरुषांसाठी १३ किंवा त्याहून जास्त). अंगात ताप, सर्दी-खोकला असेल, अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल, नुकताच दात काढला असेल तर थांबायचं. गोंदवून घेतल्यावर किंवा कान-नाक टोचल्यावर काही महिने ते वर्षभर थांबावं लागतं. मलेरियाच्या भागातून आल्यावर, काही लशी घेतल्यावर आणि बाळंतपणानंतरही ठरावीक काळ जावा लागतो.

रक्तदाबाची गोळी चालू आहे म्हणून आपण आपोआप बाद झालो, असं समजू नका. दाब आटोक्यात असेल तर अनेक ठिकाणी चालतं. फोन करून विचारा. मात्र रक्तदान करता यावं म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी स्वतःहून बंद करू नका. रक्तदानाहून ती गोळी जास्त महत्त्वाची आहे.

आदल्या रात्रीपासून

नीट झोपा. उपाशी जाऊ नका; जायच्या दोन-तीन तास आधी व्यवस्थित जेवण झालेलं असावं. फक्त ते फार तेलकट-तुपकट नको. चरबी रक्तात उतरते, प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव भाग) दुधासारखा पांढुरका दिसायला लागतो आणि मग काही तपासण्या नीट होत नाहीत. अशा वेळी दिलेलं रक्त वाया जाण्याची शक्यता असते.

पाणी दिवसभर प्याच, पण खुर्चीवर बसायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी सुमारे अर्धा लिटर एकदम प्या. एवढं पाणी पोटात गेलं की रक्तदाब थोडा वेळ वर राहतो आणि भोवळ येण्याची शक्यता कमी होते. नवख्यांना मी दुसरं काहीही सांगायचं विसरले तरी हे सांगायला विसरत नाही.

कपडे असे घाला की बाही कोपराच्या बरीच वर सरकेल. दंडाशी घट्ट बसणारी बाही गुंडाळून वर केली की तिचाच दाब पडतो. ओळखपत्र बरोबर ठेवा. पहिलीच वेळ असेल तर एखाद्याला सोबत घेऊन जा.

फॉर्म भरताना

इथे घाई करू नका आणि काही लपवू नका. आजार, औषधं, प्रवास, लैंगिक संबंध, सुया यांबद्दलचे प्रश्न खासगी वाटतात आणि ते तसे आहेतच. पण तुमचं चारित्र्य जोखायला ते विचारलेले नसतात. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिससाठी तपासणी होते, तरी संसर्ग झाल्यानंतरचा सुरुवातीचा काही काळ असा असतो की विषाणू रक्तात असूनही तपासणीत सापडत नाही. विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या नव्या चाचण्यांनी हा काळ बराच आखडला आहे, पण शून्यावर आलेला नाही. त्या फटीत रुग्णाला वाचवतं ते फक्त तुमचं खरं उत्तर.

म्हणूनच ‘एचआयव्हीची तपासणी आयती होईल’ म्हणून कधीही रक्तदान करू नका. तपासणी हवी असेल तर ती तपासणी केंद्रातच करून घ्या. आणि मित्रमंडळींसमोर माघार घेता आली नाही, तर नंतर एकट्याने रक्तपेढीला फोन करून ‘माझी पिशवी वापरू नका’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

बोटाचा थेंब

अनेक ठिकाणी आता हिमोग्लोबिन छोट्या यंत्रावर मोजतात, पण जुनी पद्धत अजूनही वापरात आहे आणि ती जवळून बघण्यासारखी आहे. काचेच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी असतं. त्याचं विशिष्ट गुरुत्व बरोबर १.०५३ ठेवलेलं असतं. बोट टोचून एक थेंब त्यात सोडतात. थेंब पाण्यात शिरताच त्याच्याभोवती एक पातळ आवरण तयार होतं, त्यामुळे तो फुटत नाही. मग पंधरा सेकंद बघायचं. थेंब सरळ तळाला गेला तर हिमोग्लोबिन १२.५ च्या वर आहे. मध्येच घुटमळला किंवा वर आला तर त्याखाली. रक्तातलं हिमोग्लोबिन जितकं जास्त, तितका थेंब जड, एवढंच त्यामागचं तत्त्व.

थेंब तरंगला तर वाईट वाटून घेऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. लोह कमी पडतंय हे तुम्हाला फुकटात कळलं आहे. डॉक्टरांना भेटा, कारण शोधा, भरून काढा आणि काही महिन्यांनी परत या. असे परत आलेले अनेक जण मला माहीत आहेत, विशेषतः बायका.

खुर्चीवर

दोन्ही हातांच्या शिरा दाखवा आणि आधी कोणत्या हातातून सहज रक्त निघालं होतं ते सांगा. दंडाला पट्टा बांधतात, हातात मऊ चेंडू देतात. कोपराच्या खोबणीतली कातडी जंतुनाशकाने पुसली की ती वाळू द्यायची असते. त्यानंतर तिथे बोट लावू नका.

सुई रक्ततपासणीच्या सुईपेक्षा जाड असते, हे आधीच माहीत असलेलं बरं. पिशवी काही मिनिटांत भरायला हवी, रक्त वाटेत गोठायला नको, आणि पेशींना धक्का बसायला नको, म्हणून ती तशी असते. टोचताना दुखतं, दोन क्षण. नंतर नुसता दाब जाणवतो. बघवत नसेल तर मान दुसरीकडे वळवा, त्यात कमीपणा काही नाही.

पहिलं थोडं रक्त मोठ्या पिशवीत जातच नाही. ते बाजूच्या लहान पिशवीत वळवतात, कारण सुईबरोबर आलेला कातडीचा बारीक कण आणि त्यावरचे जंतू असतील तर ते त्यात अडकतात. तपासणीच्या नळ्याही त्यातूनच भरतात. मग मोठी पिशवी भरायला लागते. ती एका हलत्या तबकावर ठेवलेली असते, म्हणजे आतलं सायट्रेटचं द्रावण रक्तात मिसळत राहतं आणि गुठळी होत नाही. एका वेळी ३५० किंवा ४५० मिली घेतात, काही देशांत थोडं जास्त. वेळ लागतो ५ ते १० मिनिटं. दर काही सेकंदांनी मूठ आवळा आणि सोडा.

हातात विजेचा झटका बसल्यासारखी कळ गेली, बोटं बधिर झाली किंवा आग व्हायला लागली तर लगेच सांगा. सुई मज्जातंतूजवळ असू शकते आणि ती ताबडतोब काढायला हवी. ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणून सोसू नका.

भोवळ

नवख्यांची खरी भीती हीच असते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. रक्त कमी झालं म्हणून भोवळ येते असं सगळे समजतात, पण बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. सुई, रक्त दिसणं, धास्ती यांमुळे व्हेगस नावाची नस एकदम जोर करते. हृदयाचे ठोके मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि डोक्याकडचा पुरवठा क्षणभर कमी होतो. तरुण, पहिल्यांदा आलेले, कमी वजनाचे आणि उपाशीपोटी आलेले लोक यात जास्त सापडतात.

आधी खुणा दिसतात: एकामागून एक जांभया, कपाळावर गार घाम, मळमळ, कानांत आवाज, डोळ्यांपुढे अंधारी. यातलं पहिलं काहीही जाणवलं की तेव्हाच बोला. खुर्ची मागे करून पाय वर घेतले की बहुतेकांना काही मिनिटांत बरं वाटतं.

भोवळ येऊच नये म्हणून एक युक्ती आहे आणि ती अभ्यासांत उपयोगी ठरलेली आहे. पाय एकमेकांवर टाका. मांड्या, नितंब आणि पोटाचे स्नायू पाच सेकंद घट्ट आवळा, पाच सेकंद सोडा. श्वास रोखू नका. रक्त जात असताना हे करत राहा आणि उठायच्या आधी पुन्हा एकदा करा. आवळलेले स्नायू पायांतलं रक्त वर ढकलतात. शिवाय मनाला काहीतरी काम मिळतं.

बरेच जण सुई निघाल्यावर, उभं राहताना किंवा चहा-बिस्किटांच्या टेबलाशी कोसळतात. म्हणून पलंगावरून घाईने उठू नका आणि नंतरची पंधरा मिनिटं बसूनच काढा. ‘मला काही होत नाही’ म्हणत लगेच निघून जिन्यावर पडणं हे भोवळीपेक्षा जास्त महागात पडतं.

त्या दिवशीचा उरलेला वेळ

सुई काढल्यावर कापसाचा बोळा दुसऱ्या हाताच्या बोटांनी घट्ट दाबून धरा आणि हात सरळ, थोडा वर ठेवा. कोपर दुमडून बोळा चेपायची सवय सगळ्यांना असते. तीच बऱ्याचदा हात काळानिळा होण्याला कारण ठरते. पट्टी काही तास राहू द्या. त्या हाताने जड पिशवी, बाळ, गॅसची टाकी काही उचलू नका.

दिवसभर नेहमीपेक्षा जास्त पाणी प्या. व्यायामशाळा, धावणं, गरम पाण्याची लांबलचक अंघोळ, मद्य हे दुसऱ्या दिवसावर ढकला. उंचावर चढण्याचं, मोठं वाहन किंवा यंत्र चालवण्याचं काम असेल तर रक्तदान सुट्टीच्या दिवशी करा.

हात काळानिळा झालाच तर पहिल्या दिवशी थंड शेक द्या. डाग हिरवट, मग पिवळा होत एक-दोन आठवड्यांत जातो. सूज वाढत गेली, मुंग्या थांबल्या नाहीत किंवा ठणका लागला तर रक्तपेढीला कळवा. पुढच्या काही दिवसांत ताप आला तरीही कळवा, कारण तुमची पिशवी कदाचित अजून वापरलेली नसेल.

शरीर काय आणि कधी भरून काढतं

पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरतो. तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. सगळ्यात हळू भरतं ते लोह. एका वेळच्या दानात साधारण २०० ते २५० मिलीग्रॅम लोह जातं आणि आहारातून शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलीग्रॅम शोषतं. हिशोब करून बघा, म्हणजे दोन रक्तदानांमधलं अंतर का ठेवलंय ते कळेल. काही देशांत ते ५६ दिवस आहे, काही ठिकाणी तीन-चार महिने, आणि अनेकदा स्त्रियांसाठी जास्त. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह संपत आलेलं असू शकतं. त्याचा अंदाज फेरिटिनच्या तपासणीतून येतो. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी आणि वर्षातून अनेकदा रक्त देणाऱ्यांनी ही तपासणी अधूनमधून करून घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. जेवणात आंबट फळं असतील तर लोह चांगलं शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली तर कमी. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच.

दानाचे प्रकार: आपल्याला कोणता शोभतो?

आतापर्यंत लिहिलं ते संपूर्ण रक्ताच्या दानाबद्दल. तिथून सुरुवात करणं योग्य. ही पिशवी नंतर गरगर फिरवून वेगळी करतात: तांबड्या पेशी, प्लेटलेट्स, प्लाझ्मा. म्हणजे एका पिशवीचा उपयोग दोघा-तिघांना होऊ शकतो. पण एकदा अनुभव बरा गेला की पुढचा विचार करता येतो, आणि तो रक्तगटाप्रमाणे करावा.

ओ निगेटिव्ह असाल तर संपूर्ण रक्त देत राहा. गट तपासायलाही वेळ नसतो तेव्हा तुमच्याच तांबड्या पेशी चढवतात. एबी असाल तर गणित उलटं होतं: तुमच्या तांबड्या पेशी फक्त एबी रुग्णांना चालतात, पण तुमचा प्लाझ्मा कुठल्याही गटाला चालतो. तुम्ही प्लाझ्माकडे वळा. ए आणि बी गटाच्या लोकांना प्लेटलेट्ससाठी विचारणा होते. बॉम्बे रक्तगट हा फारच दुर्मीळ. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. या माणसांना ओ गटाचं रक्तही चालत नाही, फक्त त्याच गटाचं चालतं. असा गट निघाला तर दुर्मीळ दात्यांच्या यादीत नाव घाला आणि बोलावणं येईल तेव्हा द्या.

प्लेटलेट्सचं दान मला सगळ्यात जवळचं वाटतं. ल्युकेमियाच्या किंवा केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट्स एकदम खाली येतात आणि आतल्या आत रक्तस्राव होण्याची भीती असते. यंत्र तुमचं रक्त थोडंथोडं घेतं, फिरवून प्लेटलेट्स बाजूला काढतं आणि बाकीचं परत करतं. या पद्धतीला अफेरेसिस म्हणतात. वेळ लागतो दीड ते दोन तास. एका दात्याकडून मिळतं तेवढं जमवायला एरवी चार ते सहा जणांच्या पिशव्या लागतात, म्हणजे रुग्णाचा तेवढ्या वेगवेगळ्या माणसांच्या रक्ताशी संबंध येतो. तो यात टळतो.

अनुभव वेगळा असतो. यंत्र घरघरत राहतं. रक्त परत येताना जरा गार असतं, म्हणून थंडी वाजते. पांघरूण मागून घ्या. काही वेळाने ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. गोठू नये म्हणून मिसळलेलं सायट्रेट थोडं तुमच्याही अंगात जातं आणि रक्तातल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, त्याची ही खूण. मुंग्या आल्या की लगेच सांगा; वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी चघळायला देतात आणि त्या थांबतात. आधी स्वच्छतागृहात जाऊन या, आणि दोन-तीन दिवस अॅस्पिरिन घेतलेलं नसावं, कारण त्याने प्लेटलेट्स निकामी होतात. तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या परत मिळत असल्याने अशक्तपणा कमी येतो. प्लेटलेट्स काही दिवसांत भरतात, त्यामुळे अनेक देशांत वर्षाला २४ वेळांपर्यंत देता येतात.

प्लाझ्माचं यंत्रही तसंच, पण तास-पाऊण तासात काम होतं. त्यातून अल्ब्युमिन हे प्रथिन, प्रतिपिंडं, हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठीचे गोठणघटक तयार होतात. ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन यांच्या प्लाझ्मात एक विशिष्ट प्रतिपिंड होतं. ते वापरून अँटी-डी इंजेक्शन तयार होतं; आईच्या शरीराने बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करू नये म्हणून ते आरएच निगेटिव्ह गरोदर स्त्रियांना देतात. २०१८ मध्ये वयाच्या ८१ व्या वर्षी नियमाप्रमाणे थांबेपर्यंत त्यांनी १,१७३ वेळा दान केलं होतं.

काही ठिकाणी यंत्राने एका वेळी दुप्पट तांबड्या पेशी घेतात. त्यासाठी वजन आणि हिमोग्लोबिन जास्त लागतं आणि पुढचं अंतरही मोठं असतं. ठरलेल्या ऑपरेशनसाठी स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवण्याची सोयही असते, पण ती आता क्वचित वापरतात.

‘आमच्याच माणसाचं रक्त चढवा’ हा आग्रह मात्र विचार करून धरावा. नातेवाइकाचं रक्त आपोआप जास्त सुरक्षित होत नाही. जवळच्या रक्तसंबंधातल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून उलट त्याच्यावरच हल्ला करू शकतात. हे फार क्वचित घडतं, पण घडलं तर बहुधा जीवघेणं ठरतं. म्हणून अशा पिशवीला आधी किरणोत्सार द्यावा लागतो. घाईत कुटुंबातल्या माणसाला बसवण्यापेक्षा तपासलेली पिशवी घ्या, आणि कुटुंबाने नंतर सावकाश आपलं रक्त पेढीला द्यावं.

स्टेम सेलचं, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचं दान याच वाटेवर पुढे येतं. नोंदणी सोपी असते: गालाच्या आतून बोळा फिरवतात, तुमचा एचएलए प्रकार (दाता आणि रुग्ण जुळतात का हे ठरवणारी पेशींवरची खूण) यादीत जातो. पुढे वर्षानुवर्षं काही घडणार नाही, किंवा एक दिवस फोन येईल. बहुतेक वेळा चार-पाच दिवस इंजेक्शनं घेऊन मूळपेशी रक्तात आणतात; हाडं दुखतात, फ्लूसारखं वाटतं. मग प्लेटलेट्ससारख्याच यंत्रावर काही तास बसायचं. कधीकधी भूल देऊन कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढतात.

इथे होकार देण्यापूर्वी घरात बोला, मनातले सगळे प्रश्न डॉक्टरांना विचारा, आणि शंका असेल तर वेळीच नाही म्हणा. कारण तारीख ठरल्यावर रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी पूर्ण नष्ट करतात. त्यानंतर दात्याने माघार घेतली तर त्या रुग्णाकडे परतीचा रस्ता नसतो.

दुसऱ्या वेळेची सोय

घरी आल्यावर फोनमध्ये चार ओळी लिहून ठेवा: तारीख, कोणता हात, हिमोग्लोबिन किती निघालं, चक्कर किंवा मुंग्या आल्या का. पुढच्या वेळी तंत्रज्ञाला हे सांगितलं तर तो सुई आणि हात त्याप्रमाणे निवडतो. भोवळ आली असेल तर आधीच सांगा, म्हणजे तुम्हाला सुरुवातीपासून आडवं झोपवतील. पुढची तारीख तिथल्या तिथे कॅलेंडरवर घाला, आणि शक्यतो सणासुदीच्या किंवा लांब सुट्ट्यांच्या आधीची घ्या, कारण त्या दिवसांत दाते गावाला जातात आणि प्लेटलेट्स मात्र पाच-सात दिवसांत संपतातच. फोन नंबर बदलला तर रक्तपेढीला कळवा.